फुकटचे तीन महिने

भोकरपासून दहा-बारा किलोमीटरवर माझ्या मामांचं गाव. ओसरीवर लोखंडी कॉट, उशाशी काठी आणि खुंटीला दाढीचा मोठा आरसा. या आरशाचं पुढे येईल. गेली सात वर्षं या ओसरीवर अनोळखी माणसं येतात. कुणी उमरीचं, कुणी हिमायतनगरचं, कुणी तेलंगणाच्या हद्दीतून आलेलं. चहा होतो, पाऊसपाण्याचं बोलणं होतं, मग पाहुणा हळूच म्हणतो, "मामा, हात वर करा की जरा." मामा उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत नेतात, क्षणभर धरतात, खाली सोडतात. पाहुणा बरोबरच्या माणसाकडे बघतो. मग खरा प्रश्न येतो, "कुण्या औषधानं फरक पडला वो?"

घरोघरी कुणी ना कुणी पडून आहे, म्हणून माणसं येतात. लकवा, अर्धांगवायू, पॅरालिसिस ही नावं दवाखान्याची. आमच्याकडे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. आयुर्वेदही पक्षाघाताला वातव्याधीतच धरतो. वारं बाहेरून येतं आणि माणसाला लोळवून जातं, तेव्हा त्यावरचा उपायही वाऱ्याला काढण्याचाच: दारं लावा, तेल चोळा, ऊब द्या, उष्ण खाऊ घाला. मामांच्या डोक्यात त्या दिवशी काय झालं, याची या शब्दाला गंधवार्ता नव्हती. मेंदूच्या डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली होती. वारं नव्हतं, रक्त थांबलं होतं.

२०१८ साल, कापसाची वेचणी ऐन भरात. पहाटे पाचला मामांच्या हातून तांब्या पडला. हाताखाली दाबून झोपलो असेन, असं म्हणून ते कॉटवर बसले. मामीनं लसूण घालून तेल कडवलं आणि चोळलं. आठच्या सुमारास तोंड वाकडं दिसू लागलं, तशी शेजारच्या काकूनं कसलंसं चूर्ण पाण्यात कालवून पाजलं. अर्धं ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं, अर्ध्याचा ठसका लागला. (मेंदूच्या झटक्यात गिळण्याचे स्नायूही लुळे पडतात आणि पाजलेलं फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, हे मला फार नंतर कळलं.) बाया वेचणीला लागल्या होत्या, त्यांचा रोज द्यायचा होता, जीप दुपारी मिळाली. भोकर, तिथून साठेक किलोमीटर नांदेड. सीटी स्कॅन झाला तेव्हा दिवेलागण झाली होती. डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं किती वाजता सुरू झालं?" मी पाच सांगितले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पेन खिशाला लावलं. "इंजेक्शनची वेळ गेली."

त्या इंजेक्शनबद्दल सांगायला हवं. महाग औषध म्हणजे लूट, असा समज करून घेतला तर या लेखाचा उपयोग नाही. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज अमेरिकेत ६२४ रुग्णांवर तपासलं गेलं, निकाल १९९५ मध्ये छापला गेला. कुणाला औषध, कुणाला बिनऔषधाचं द्रावण, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. देणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेली माणसं स्पष्टपणे जास्त निघाली. त्याच अहवालात हेही छापलं होतं की, औषध घेतलेल्या शंभरातल्या सहाहून जास्त जणांच्या मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडली, दुसऱ्या गटात तो प्रकार शंभरात एकाहूनही कमी होता. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेता येते असं सिद्ध झालं. २०१५ पासून मांडीच्या रक्तवाहिनीतून तार नेऊन मोठी गुठळी ओढून काढण्याचा उपचार रुजला, आणि २०१८ मध्ये निवडक रुग्णांना तो चोवीस तासांपर्यंत उपयोगी पडतो असं दिसलं. त्याच जातीचं टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन तर आपल्या पुण्यातली जेनोव्हा कंपनी बनवते आणि भारतात झटक्यासाठी त्याला परवानगी आहे. खर्चाचं आहे, धोक्याचं आहे, पण खरं आहे, आणि ते घड्याळाला बांधलेलं आहे. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, यातलं एकही अचानक दिसलं तर तेलाची वाटी खाली ठेवून १०८ लावायचा. आम्ही ज्या उपचारासाठी पळायचं, तिथं चालत गेलो. ज्यांना कितीही उशीर चालला असता, त्यांच्याकडे मात्र पळत गेलो.

आठ दिवसांनी मामा घरी आले. कागदावर रक्तदाबाची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि शेवटी एक ओळ: फिजिओथेरपी नियमित. महिन्याच्या सगळ्या गोळ्या मिळून पाचशे रुपयांच्या आत. एवढ्या मोठ्या दुखण्याला एवढंसंच औषध? मामीच्या चेहऱ्यावर हा प्रश्न लख्ख दिसत होता. पाचशेच्या औषधावर तिचा विश्वास बसेना.

मग भेटायला माणसं येऊ लागली आणि येताना पत्ते घेऊन येऊ लागली. कबुतर पहिलं आलं. कबुतर उष्ण, त्याचं रक्त चोळायचं आणि मांसाचा रस्सा पाजायचा. मामा माळकरी. रश्श्यासाठी माळ उतरवायची का, यावर घरात दोन दिवस खल झाला. शेवटी रक्त बाहेरून चालेल, पोटात नको, असा तोडगा निघाला. दुसरं आलं राजस्थानातलं बुटाटी. नागौर जिल्ह्यातल्या या गावी संत चतुरदासांचं मंदिर आहे, लकव्याची माणसं तिथं सात दिवस राहून फेऱ्या घालतात. तिथं उपचाराची फी घेत नाहीत, एवढं त्या ठिकाणाबद्दल सांगायलाच हवं. पण वारं गेलेल्या माणसाला घेऊन एवढा रेल्वेप्रवास करायचा म्हणजे दोन धडधाकट माणसांचा पंधरवडा बुडतो. मामा गेले नाहीत.

तिसरी आली पुडी. सीमेपलीकडच्या एका गावात एकजण देतो, हजारो बरे झालेत. महिन्याच्या पुड्या आणि तेल मिळून बारा-तेरा हजार, तीन महिन्यांचा कोर्स. दोन अटी होत्या. इंग्रजी गोळ्या बंद, आणि पथ्य: वांगं नाही, हरभऱ्याची डाळ नाही, गार पाणी नाही. कापसाच्या पट्टीतून चाळीस हजार त्या वाटेला गेले. गोळ्या बंद केल्याचं मला कुणी सांगितलं नाही. पुण्याहून फोन करून मी अक्कल पाजळतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या महिन्यात मामांचं बोट हललं. तिसऱ्या महिन्यात ते काठी धरून उंबऱ्यापर्यंत आले. गाव लोटलं. पुडीवाल्याचा नंबर त्या आठवड्यात किती मोबाईलमध्ये गेला, त्याची मोजदाद नाही.

इथं थोडं कोपनहेगनला जाऊन यावं लागेल. तिथल्या डॉक्टरांनी झटका आलेले १,१९७ रुग्ण एकापाठोपाठ एक नोंदवले आणि कोण किती, केव्हा सुधारतो ते दर आठवड्याला तपासलं. १९९५ मध्ये छापलेला त्याचा निष्कर्ष असा: रोजच्या कामांपुरती जी सुधारणा व्हायची, ती ९५ टक्के रुग्णांत साडेबारा आठवड्यांच्या आत होऊन गेलेली असते. सौम्य झटक्यात आणखी लवकर. मेंदूची सूज उतरते, अर्धमेल्या पेशी सावरतात, शेजारचे भाग मेलेल्या भागाचं काम उचलू लागतात. नंतरही माणूस सुधारतो, वर्षानुवर्षं थोडा थोडा, पण चढण संथ होते.

पुडीवाल्याचा कोर्सही तीन महिन्यांचाच. त्यानं कोपनहेगनचं नाव ऐकलेलं नसणार, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या धंद्यानं त्याला हा आकडा शिकवलाय. पहिले तीन महिने शरीर फुकट देतं, त्याची पावती मात्र जो कुणी त्या वेळी कॉटशेजारी बसलेला असेल, तो फाडतो. कबुतरवाला बसला असेल तर कबुतराची, पुडीवाला असेल तर पुडीची. आणि खरं सांगायचं तर दवाखान्यात सलाईन लावणारा बसला असेल तर सलाईनची.

ही पावती खरी की खोटी, हे ओळखायचा एकच रस्ता माणसाला सापडलाय. तसेच दुसरे रुग्ण घ्यायचे, त्यांना ते औषध द्यायचं नाही, आणि दोघांची तुलना करायची. ओसरीवर हात वर करणारे मामा पुरावा ठरत नाहीत. पुडी न घेतलेले मामा शेजारी बसवता आले असते, तर पुरावा झाला असता.

पाचव्या महिन्यात मामांना दुसरा झटका आला. रक्तदाब २१० वर गेला होता. या वेळी जीभ गेली ती पूर्ण परत आली नाही. नांदेडजवळच्या विष्णुपुरीतल्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मामीनं पहिल्यांदा सांगितलं, गोळ्या बंद होत्या. पुडीवाल्याला फोन लावला तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, "वांगं खाल्लं होतं का?" खाल्लं होतं. संक्रांतीच्या भोगीला, एक फोड. "मग मी काय करणार? पथ्य तुम्ही मोडलाव." सुधारणा झाली की पुडीची, झटका आला की वांग्याचा. असा विमा कुठल्या कंपनीनं काढला नसेल. गावानंही वांग्यालाच दोषी धरलं, म्हणून तर पाहुणे अजून येतात.

पुडी ही गरिबाची गोष्ट. चार एकर बागायत असलेल्याला दुसरी वाट दाखवली जाते आणि ती वातानुकूलित असते. पुढच्या वर्षी नांदेडच्या डॉक्टर लेनजवळ एका हॉटेलात शिबिर भरलं, मी मामीला घेऊन गेलो. पडद्यावर निळसर पेशी तरंगत होत्या. टाय लावलेल्या माणसानं सांगितलं, स्टेम सेल, तुमच्याच हाडातल्या मज्जेतून काढायच्या, तुम्हालाच द्यायच्या, साइड इफेक्ट नाही. आकडा लाखांत होता आणि हप्त्यांची सोय होती. मी विचारलं, "किती जणांना फरक पडला नाही?" त्यानं एका बाईचा चालतानाचा व्हिडिओ लावला. मी पुन्हा विचारलं. त्यानं दुसरा व्हिडिओ लावला.

या प्रश्नाचं उत्तर भारतातच, आपल्याच पैशानं शोधलं गेलंय. दिल्लीच्या एम्समधले तेव्हाचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. कामेश्वर प्रसाद आणि सहकाऱ्यांनी आधी ११ रुग्णांना त्यांच्याच हाडांच्या मज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या. सात जणांची प्रगती चांगली दिसली. टायवाला असता तर इथंच थांबला असता. ते थांबले नाहीत. देशातल्या पाच केंद्रांत १२० रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना पेशी दिल्या, निम्म्यांना नाही. सहा महिन्यांनी जेवण, आंघोळ, चालणं अशा कामांचे शंभरपैकी गुण काढले. पेशी घेतलेल्यांचे सरासरी ६३, न घेतलेल्यांचेही ६३. दशांशाचा काय तो फरक, तोही न घेतलेल्यांच्या बाजूनं. २०१४ मध्ये त्यांनी ते जसंच्या तसं छापलं.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या नियमावलीचा इतिहासही बोलका आहे. २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावात स्टेम सेल 'संशोधन आणि उपचार' असे दोन शब्द होते. २०१३ मध्ये 'उपचार' काढून टाकला. २०१७ च्या सुधारित आवृत्तीतही तो नाही. रक्ताचे काही आजार आणि तत्सम मान्य कारणांसाठीचं मज्जारोपण सोडलं, तर नोंदणीकृत चाचणीबाहेर स्टेम सेल देणं ही परिषद अनैतिक मानते. आणि चाचणीत रुग्णाला औषधाचं बिल लावायचं नसतं. कुणी "ट्रायल चालू आहे" म्हणत पावतीपुस्तक काढलं, तर त्यातलं एक खोटं आहे. चाचण्यांची सरकारी नोंदवही इंटरनेटवर कुणालाही बघता येते. गावातल्या बारावीच्या पोरानं दहा मिनिटांत बघून सांगावं, इतकं ते सोपं आहे.

परदेशातही हेच चालतं, फक्त हॉटेल मोठं असतं. सांधेदुखीवरचं एटानरसेप्ट नावाचं इंजेक्शन मानेच्या मणक्याजवळ द्यायचं आणि पेशंटला उलटं झुकवायचं, मिनिटांत फरक, असा डंका अमेरिकेतल्या खासगी क्लिनिकांनी पिटला. झटक्यातून वाचलेली माणसं वर्गणी काढून, विमानानं तिथं जात होती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी शेवटी १२६ जणांवर नीट चाचणी घेतली. २०२५ मध्ये निकाल आला: खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा खरं घेतलेले काही जास्त सुधारले नाहीत. मला यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक जणांना बरं वाटलं होतं. ती माणसं खोटं बोलत नव्हती. मामीही बोलत नाही.

पदवी भिंतीवर लटकवलेल्यांनाही या हिशेबातून सुटका नको. मामांच्या दुसऱ्या डिस्चार्जच्या कागदावर सिटिकोलिन नावाची गोळी होती, सगळ्यांत महाग तीच. झटक्यानंतर ती आपल्याकडे सर्रास लिहितात. २०१२ मध्ये २,२९८ रुग्णांवरच्या चाचणीत तिचा काहीही फायदा दिसला नव्हता. डुकराच्या मेंदूपासून बनणारं सेरेब्रोलायसिन शिरेतून देतात. त्यावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर फायदा शून्याच्या आसपास आणि गंभीर त्रासाची शक्यता थोडी वाढलेलीच. फ्लुओक्सेटिन या उदासीवरच्या गोळीनं २०११ मध्ये फ्रान्समधल्या ११८ रुग्णांचे हातपाय सुधारल्यासारखे दिसले आणि जगभर आशा पालवली. ब्रिटनमध्ये ३,१२७ जणांवर पाहिलं, २०१८ मध्ये निकाल आला: फायदा नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. पुडीवाला आणि हे डॉक्टर एकाच माळेचे मणी आहेत, असं मला म्हणायचं नाही. सिटिकोलिन फोल आहे, हे आपल्याला कळलं कसं? डॉक्टरांनीच तपासलं म्हणून. लिहिणारे अजून लिहितात, हा भाग वेगळा.

आणि ज्या गोष्टीवर माझा जीव होता, तीही तपासात टिकली नाही. भारतात फिजिओथेरपिस्ट कमी, तेव्हा घरच्यांनाच व्यायाम शिकवून घरी पाठवलं तर? किती शहाणी, किती स्वस्त, किती आपली कल्पना. देशातल्या १४ केंद्रांत १,२५० रुग्णांवर ती तपासली. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी मरण किंवा परावलंबन, दोन्ही गटांत ४७ टक्के. हा आकडा वाचला त्या रात्री मला वाईट वाटलं. पण स्टेम सेलला जो काटा लावला, तोच काटा इथं लावायचा नाही, असं कसं चालेल? जाणकार फिजिओथेरपिस्टची जागा घरची मंडळी थोडक्या शिकवणीवर भरून काढू शकत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो. घरच्यांनी हातावर हात ठेवून बसावं, असा नाही.

मग टिकलं काय? चांगला हात जागेपणी बांधून ठेवायचा आणि लुळ्या हातालाच दोन आठवडे कामाला लावायचं, ही रीत अमेरिकेत २२२ रुग्णांवर तपासली गेली आणि २००६ च्या निकालात टिकली. पण मनगट-बोटं थोडी तरी हलत असतील, त्यांच्यासाठीच. मामीनं मामांच्या डाव्या हाताला पायमोजा चढवला, तेव्हा मामांनी तुटक्या जिभेनं घातलेल्या शिव्या तेवढ्या सगळ्यांना स्पष्ट कळल्या. आणि खुंटीवरचा आरसा. चेन्नईत शिकलेले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी तुटलेल्या हाताच्या भासवेदनेवर आरसा वापरला, १९९९ मध्ये ते आणि सहकारी तोच झटक्याच्या रुग्णांकडे घेऊन गेले. दोन हातांच्या मधे आरसा उभा धरायचा, चांगला हात हलवायचा, आरशात लुळाच हलतोय असं दिसतं, मेंदू फसतो आणि शिकतो. ६२ अभ्यासांचा २०१८ मधला एकत्रित कौल असा की, हालचाल आणि रोजची कामं थोडी सुधारतात. थोडी. नांदेडच्या फिजिओथेरपिस्ट ताईनं शिकवलं, खर्च दीडशे रुपये. मामांना आरशाचा फायदा झाला का, मला सांगता येणार नाही. आरसा नसलेले मामा माझ्याकडे नाहीत.

चोळण्याला माझी हरकत नाही, मामांना तेल आवडतं. फक्त लुळा हात ओढायचा नाही, खांदा निखळतो. गरम विटेचा शेक द्यायचा नाही, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. दोन्ही आमच्या घरात झालंय.

कायदा आहे. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात कर्करोग, मधुमेह यांच्याबरोबर पक्षाघातही आहे. म्हणजे लकवा बरा करतो, अशी जाहिरात करणं हाच गुन्हा, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. भोकर ते नांदेड रस्त्यानं जाताना भिंती वाचत जा, एवढंच म्हणतो. औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये टीव्हीवरच्या चमत्कारी यंत्रांच्या जाहिरातींना राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली चाप लावला, तो एका शिक्षकाच्या याचिकेवर. आमच्या गावात तक्रार करणार कोण? पुडीवाला फसवतो, असं ज्यानं म्हणायचं, तो तर ओसरीवर हात वर करून दाखवतोय.

सरकारी योजनेचंही सांगून टाकतो. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं, आता तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. दवाखान्यातल्या मुक्कामाला तिचा आधार मोठा. पण लकव्याचा खरा खर्च घरी आल्यावर सुरू होतो. आठवड्यातून दोनदा नांदेड, जीपचं भाडं, सोबतीच्या माणसाचा बुडालेला रोज. पुडीवाला हा खर्च मागत नाही. तो पार्सलनं पाठवतो.

गेल्या महिन्यात मी गावी होतो. सोयाबीन भिजलेलं, सगळे त्याच चिंतेत. दुपारी मोटारसायकलवर दोन पोरं आली, बाप आठ दिवसांपूर्वी पडलेला. मामांनी हात वर करून दाखवला. थोरल्यानं विचारलं, "मामी, पत्ता असंल तर द्या की." मी काही बोलणार, तोच मामीनं माझ्याकडं बघितलं आणि फडताळातून डायरी काढली. नंबर सांगितला. पोरगा मोबाईलमध्ये उतरवत होता.

"बीपीची गोळी चालू हाय का बापाची?" मामीनं विचारलं.

"हाय. पण तिकडं गेल्यावर बंद करावी लागती म्हणं."

"त्यानं सांगितलं तरी बंद करू नका," मामी म्हणाली. "त्याला हो म्हणायचं, आन् द्यायची. आन् वांगं खाऊ देऊ नका."